कुटा

सकाळी साडेसहाला सातपाटीच्या समुद्रात हेमदेव तोल जाऊन जाळ्यात पडला. जाळं नवं, बोलक्या यंत्राचं होतं. ते पापलेट ओळखून धरायचं आणि बाकीचा कुटा, म्हणजे नको असलेली मासळी, आपणहून समुद्रात सोडायचं.

"दादा, ओढ लवकर!"

बोटीचा तांडेल असलेल्या पद्माकरने जाळं काठापर्यंत ओढलं.

"एवढं मोठं पापलेट कधी घावलं होतं का रे तुला?" हेमदेव हसला.

"गप, हात दे आधी."

हाताला हात लागला, तेवढ्यात जाळ्याचा तळ उघडला. गमबुटांत पाणी भरलेला हेमदेव सरळ खाली गेला.

यंत्र बोललं, "कुटा. जिवंत सोडला."

संध्याकाळपर्यंत हेमदेव सापडलेला नाही. यंत्राच्या नोंदीत तो अजून जिवंत आहे.