सरकीचं रक्त

"नाही," हलीमाबी म्हणाली आणि तिनं टोपली मांडीवर ओढून घेतली.

सरकी मांजरीला वर्षाची लस टोचून घेऊन ती निघालीच होती, तेवढ्यात डॉक्टर आचलनं तिला दवाखान्याच्या दारात थांबवलं होतं.

"चाची, अर्धा कपसुद्धा नाही लागणार. सरकी साडेचार किलोची आहे, तब्येत एक नंबर. आज आलेल्या सगळ्या मांजरांत रक्त देण्यासारखी ही एकच आहे."

ते ऐकायला हलीमाबीला बरं वाटलं. पण टोपलीवरचा हात निघाला नाही.

"बेहोश करसान ना तिले?"

"थोडा वेळ. सुई मानेतल्या शिरेत असते. मांजर हललं तर इजा होते."

"आन् उठलीच नाही तं?"

डॉक्टर खोटं बोलली नाही. "क्वचित होतं तसं."

समोरच्या बाकावर भातकुलीचे खुशालराव बसले होते. त्यांच्या मांडीवर दुपट्ट्यात गुंडाळलेली एक काळी मांजर होती. काल संध्याकाळी कुत्र्यांनी तिला अंगणात धरलं. अमरावतीत टाके पडले, पण रक्त फार गेलं होतं, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सकाळीच अकोल्याला पाठवलं. मांजरीचं तोंड अर्धवट उघडं होतं. हिरड्या पांढऱ्याफटक दिसत होत्या.

खुशालरावांनी हात जोडले नाहीत. ते डॉक्टरला म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. त्यायच्याजवळबी एकच असंल. त्यायच्या जागी मी असतो, तं मीबी नाहीच म्हटलं असतं."

हलीमाबीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढलेली, सदऱ्यावर वाळलेलं रक्त.

"नाव काय तिचं?"

खुशालराव जरा अडखळले. "मालकीण म्हणतो."

हलीमाबी हसली नाही. तिची सरकी पिंजलेल्या कापसाच्या ढिगात सापडली होती, मुठीएवढी. तेव्हापासून पाच वर्षं हलीमाबी गाद्या शिवायची आणि सरकी शिवलेल्या गादीवर बसून राखण करायची. सरकी तासभर दिसली नाही की हलीमाबीचे टाके वाकडे जात.

तिनं टोपली उचलली आणि आतल्या टेबलावर नेऊन ठेवली.

"बेहोश नका करू. मी धरतो."

"चाची, दहा-पंधरा मिनिटं लागतात. कोणतंच मांजर इतका वेळ थांबत नाही."

"कोणतंबी मांजर नसंल थांबत. हे सरकी हाय."

डॉक्टरनं जरा विचार केला. "हलली तर मी लगेच सुई काढीन."

"काढा. मंग मी तिले घेऊन घरी जाईन."

दोन्ही मांजरींचं रक्त काचेवर मिसळून पाहिलं. जुळलं. मानेवरचे केस काढले. हलीमाबीनं एक हात सरकीच्या हनुवटीखाली घातला, दुसऱ्यानं पुढचे पाय धरले. सुईनं घट्टे पडलेल्या तिच्या बोटांखाली सरकीचं काळीज धडधडत होतं.

सुई आत गेली. सरकी घशातून गुरगुरली, कान मागे पडले.

"हिलना नहीं, बेटा," हलीमाबी तिच्या कानाशी म्हणाली. "मैं इधरीच हूं."

सरकी हलली नाही. नळीतून रक्त येऊ लागलं. हलीमाबीनं ते पाहायचं टाळलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं झाली, सात झाली. मग एकाएकी सरकीचं डोकं तिच्या तळव्यावर जड पडलं.

"मॅडम," हलीमाबीनं हाक मारली.

डॉक्टरनं सरकीच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. "ठीक आहे. थकली नाही, टेकली आहे तुमच्यावर."

सरकीनं एक डोळा उघडून हलीमाबीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

सुई निघाली तेव्हा बारा मिनिटं झाली होती. डॉक्टर म्हणाली, "सात वर्षं झाली मला या कामात. असं मांजर पाहिलं नव्हतं."

"मले म्हाईत होतं," हलीमाबी म्हणाली. पण तिला स्टुलावर बसावं लागलं.

अर्ध्या तासानं तिला घरी जायला सांगितलं. ती गेली नाही. बाटलीतलं रक्त थेंब थेंब काळ्या मांजरीत उतरेपर्यंत ती आणि खुशालराव समोरासमोर बसून राहिले. दुपारी मालकिणीच्या हिरड्या गुलाबी दिसू लागल्या. मग तिनं मागचा पाय ओढून घेतला आणि बसक्या आवाजात ओरडली.

"धोका टळला असं वाटतंय," डॉक्टर म्हणाली. "दोन दिवस इथंच राहू द्या."

खुशालराव उठून बाहेर गेले. नळावर बराच वेळ तोंड धुऊन परत आले.

"हात लावू का तिले?" त्यांनी विचारलं.

हलीमाबीनं टोपलीचं झाकण काढलं. खुशालरावांनी सरकीच्या कपाळावरून दोन बोटं फिरवली.

"भातकुलीत साऱ्यायले सांगीन मी," ते म्हणाले.

"सांगा. नाव बराबर सांगा. सरकी."

फाटकाबाहेर ऑटो उभा होता. हलीमाबी टोपली घेऊन बसली. ऑटोवाल्यानं आरशातून सरकीच्या मानेवरची पट्टी पाहिली.

"काय झालं खाला, बीमार हाय का मांजर?"

हलीमाबी ताठ बसली.

"बीमार कायची? रक्त देऊन आली."

ऑटोवाल्यानं मागे वळून एकदा नीट पाहिलं. मग ताजनापेठेत तिच्या घरापर्यंत तो एकेक खड्डा चुकवत हळू हळू गेला.