पहिल्या डब्यातली खुर्ची

"आडवं करायचं न्हाय. बसूनच जातील ते," नीलम्मानं तिसऱ्यांदा सांगितलं.

येडशीच्या फलाटावर ही गर्दी! कैक वर्षांनी छोट्या रुळांवर वाफेचं इंजिन लागलं होतं. येडशी ते तडवळे, हौशी प्रवाशांसाठी, आज पहिली फेरी. आणि या सगळ्या गर्दीच्या मधोमध लाकडी खुर्चीत नीलम्माचे यजमान महालिंगप्पा बसले होते. याच रुळांवर एकतीस वर्षं इंजिन चालवलेले ड्रायव्हर. अंगात रेल्वेचा जुना काळा कोट, कपाळाला भस्माचे पट्टे, थंडीचा मफलर हनुवटीखालून घेऊन डोक्यावर घट्ट बांधलेला. तोल जाऊ नये म्हणून कमरेला उपरण्यानं खुर्चीशी बांधलं होतं. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला तेव्हा वाचा गेली, अंग गेलं; उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं होतं.

फेरीची व्यवस्था बघणारी प्रतीक्षा हातात यादी घेऊन उभी होती. पोरगी मनानं वाईट नव्हती, पण नियम म्हणजे नियम असला तिचा खाक्या.

"आजी, शेवटच्या डब्यात लांब बाक आहे. तिथं आजोबांना निवांत झोपवू. पहिला डबा इंजिनाला लागून आहे, धक्के बसतात."

"धक्क्याचं कौतिक त्यांना सांगता व्हय? एकतीस वर्षं धक्केच खाल्ले त्या माणसानं."

"बरं, गोळ्या-औषधं सोबत घेतलीत?"

"आता गोळ्यांची गरज न्हाय. डॉक्टर सकाळीच बघून गेले."

प्रतीक्षाला हायसं वाटलं. तिनं यादीत खूण केली.

एवढ्यात शंभुलिंगनं, नीलम्माच्या थोरल्यानं, तिला बाजूला ओढलं. त्याचे डोळे लालभडक झाले होते. फलाटावर कोळशाचा धूर भरला होता, अर्धे लोक डोळे चोळत होते.

"आई, अजून ऐक माझं. टेम्पो बाहेर उभा हाय. अर्ध्या तासात गावी तडवळ्याला पोचू. घरी पावणे येऊन बसलेत. लोकं काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. ही गाडी सुरू होणार म्हणून पेपरात आलं, तवापासून ते कात्रण त्यांच्या उशाखाली. रोज सकाळी बोट उचलून तिकडं दाखवायचे. म्या शब्द दिलाय त्यांना, इंजिनाच्या पाठीशी बसवून गावाला नेईन म्हणून. टेम्पोत घालायला ते काय ज्वारीचं पोतं हायेत?"

"अगं पण..."

"शंभू, तुला लाज वाटत असंल तर तू ये टेम्पोनं."

आईनं एकदा ठरवलं की तिला हलवणं बापाला जमलं नव्हतं, तर शंभुलिंगला काय जमणार! शेजारच्या चौघांनी खुर्ची उचलली आणि पहिल्या डब्यात खिडकीशी ठेवली. इंजिन चालवणारा नंदीश खाली उतरून आला, खिडकीपाशी हात जोडून उभा राहिला.

"काका, आज म्या चालवतोय. चुकलो तर शिव्या घाला."

"त्यांचं लक्ष हाय तुझ्याकडं. चल, वेळ नको करू," नीलम्मा म्हणाली.

गाडी हलली. धूर खिडकीतून आत आला. पोरंटोरं किंचाळली, मोठ्यांनी मोबाईल काढले. सोलापूरहून आलेल्या एका बाईनं महालिंगप्पांच्या खांद्याला खांदा लावून फोटो घेतला.

"आजोबा, जरा हसा की!"

"ते ड्युटीवर हसत न्हाईत," नीलम्मानं तिथल्या तिथं सुनावलं. डबाभर हशा पिकला. शंभुलिंगनं तेवढी मान फिरवली.

मग मात्र तिनं कुणाकडं बघितलं नाही. नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ती बोलत राहिली. हा चढ बघा, इथं तुमचं इंजिन दमायचं. ही चिंच अजून उभी हाय. सगळं आयुष्य तिनं ही गाडी घरच्या दारातून ऐकली होती. पहिल्या डब्यात नवऱ्याशेजारी बसायचा योग आज आला. तिला लई आनंद झाला होता. आणि लई रागही आला होता, या गाडीचा. यायचं होतं तर दोन वर्षं आधी यायला काय झालं होतं हिला?

तडवळ्याच्या फलाटावर माणसंच माणसं. टाळ-मृदंग, भजन, झेंडूच्या माळा, सगळ्यांत पुढं मठाचे स्वामी. प्रवासी हरखून गेले. "काय मान आहे हो आजोबांचा गावात! आख्खं गाव घ्यायला आलंय!"

प्रतीक्षा सत्काराची शाल आणि नारळ घेऊन लगबगीनं आली. महालिंगप्पांच्या खांद्यावर तिनं शाल घातली, नारळ द्यायला त्यांचा हात हातात घेतला आणि थबकली.

"आजी, यांचा हात एकदम गार लागतोय. ताठ झालाय हो! थांबा, कुणी हलवू नका, मी डॉक्टरांना फोन करते. आधी खाली आडवं झोपवू त्यांना."

"हात लावू नको," नीलम्मा खुर्चीपुढं आडवी उभी राहिली. "ते पहाटेच गेले, बाई. तिकडं आमच्या शेतात समाधीचा खड्डा तयार हाय. आमा लिंगायतात मेलेल्या माणसाला आडवं करून नेत न्हाईत, बसवूनच नेत्यात."