शनिवारचे जोडे

"आज ते तपकिरी घाला," विमलाबाई म्हणाल्या.

महिपतरावांचा हात सदऱ्याच्या बटणावर थांबला. "कीर्तनाला? अगं, वहाणा आहेत की."

"मारुतीच्या दारी जायचं तर नीटनेटकं जावं माणसानं."

विमलाबाईंनी स्वतःच वाकून पलंगाखालून जोडे ओढले. टोकाशी बारीक भोकांची नक्षी, टाचेला दुहेरी शिवण. कुणा साहेबानं विलायतेला परत जाताना टाकून दिलेले हे जोडे महिपतरावांना चोरबाजारात सापडले, तेव्हा त्यांचा तळ उसवला होता आणि चामडं सुक्या बोंबलासारखं कडक झालं होतं. रोज हापिसातून आलं की महिपतराव आरी-दोरा घेऊन बसत. तळ शिवला, तेल मुरवलं, आत लाकडी साचे घालून सुरकुत्या काढल्या, जुन्या बनियनच्या फडक्यानं इतकं घासलं की त्यात तोंड दिसावं.

असे पंधरा जोड होते. घालायला नव्हेत, बघायला.

"भरतानं रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या," महिपतराव म्हणायचे. "मी पलंगाखाली ठेवतो, तरी तुझ्या डोळ्यांत खुपतात."

"त्या रामाच्या होत्या. हे कुणा मेल्या गोऱ्याचे!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण गेल्या माघात लेकीला, सुलूला बघायला आलेल्या मुलाची आई पोहे खाता खाता वाकली, पलंगाखाली नजर टाकली आणि म्हणाली, "किती पुरुषमाणसं राहतात हो इथं?" त्यानंतर त्या घरून निरोप आला नाही. सुलू दोन दिवस नीट जेवली नाही.

आता विमलाबाईंच्या भावानं, बाबाजीनं, दुसरं स्थळ आणलं होतं. मुलगा रेल्वेत, माणसं देवभोळी. दिवाळी झाली की बघायला येणार. त्याआधी पलंगाखालची जागा रिकामी व्हायलाच हवी होती, आणि महिपतराव तर एकही जोड द्यायला तयार नव्हते.

म्हणून विमलाबाईंनी विल्माला गाठलं. विल्मा उत्तनहून एसटीनं मासळी घेऊन यायची. भाईंदरात ती घरोघर ओळखीची.

"चोरी न्हाय ना ती, बाय?" विल्मानं विचारलं.

"माझ्या घरातली वस्तू, मीच सांगतेय. देवळाबाहेर काढले की उचलायचे, चोरी कसली?"

"अन् टाकू कुठं?"

"खाडीत."

विल्मानं कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला आणि हो म्हणाली.

त्या शनिवारी बुवांनी नेमकं भरतभेटीचं आख्यान लावलं होतं. भरत पादुका मस्तकावर घेऊन निघाला, तसे बुवांचे टाळ थांबले आणि नुसता गळा गात राहिला. विमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेजारी पाहिलं, तर महिपतरावही रडत होते. विमलाबाईंना भरून आलं. देवा, माणसात भाव आहे हो, फक्त चामड्यात अडकलाय.

बाहेर आले, तर जोडे गेले होते.

आता आकाश कोसळणार, म्हणून विमलाबाईंनी मान खाली घातली. पण महिपतरावांनी शिखराला हात जोडले. "मारुतीराया, घेतलेस?" एवढंच म्हणाले आणि अनवाणी चालू लागले.

"शनिवारी देवळाबाहेरून जोडे गेले की साडेसाती जाते म्हणतात," विमलाबाई मागून हळूच म्हणाल्या.

"मग जाऊ दे की सगळीच."

आणि खरोखरच सगळी जाऊ लागली. पुढच्या शनिवारी काळे गेले, मग पांढरे-तपकिरी दुरंगी. सांगावंही लागेना, महिपतराव आपणहून एकेक जोड काढून पायात चढवत. देवळापाशी इतरांच्या वहाणांत न मिसळता पाराच्या टोकाला वेगळे काढून ठेवत. चोराला किती सोयीचं, विमलाबाईंच्या मनात येई, आणि त्या मनातल्या मनात मारुतीचे आभार मानत.

विल्माचंही त्यांना कौतुक वाटे. एरवी तिच्या टोपलीचा वास आधी यायचा आणि विल्मा मागून. पण शनिवारी ती कोरी करकरीत टोपली आणायची, आत धुतलेलं फडकं अंथरलेलं. परधर्माची बाई, पण आमच्या देवाच्या पारापाशी यायचं तर केवढं सोवळं!

महिपतराव तर पारच बदलले. साचे, ब्रश, डबे कुणाला तरी देऊन टाकले. "जोडेच नाहीत, तर ते कशाला?" दर रविवारी जेवण झालं की उत्तनकडच्या चौक गावात भजनाला जाऊ लागले. येताना नखं काळी असत. "देवळातले टाळ-समया घासतो," ते सांगत. विमलाबाईंनी बुवांच्या पाया पडून सांगितलं, "तुमच्या एका कीर्तनानं माझा संसार मार्गाला लागला."

दिवाळीनंतर पाहुणे आले. मुलाच्या आईनं पलंगाखाली पाहिलं की नाही कोण जाणे, पण तिथं आता फक्त एक गोणपाट आणि सुलूची जुनी ट्रंक होती. साखर वाटूनच मंडळी उठली.

दुसऱ्या दिवशी विल्मा दारात आली, तेव्हा विमलाबाईंनी तिला पाटावर बसवलं. खण-नारळ दिला, हातावर लाडू ठेवला. आत महिपतराव दाढी करत होते.

"तुझे उपकार फिटायचे नाहीत गं," विमलाबाई कुजबुजल्या. "आणि ती कोरी टोपली! देवाची एवढी बूज कोण राखतं?"

विल्मा लाडू खाता खाता थांबली. मग अशी हसली, की आतला वस्तरा थांबला.

"देवाची कंची, बाय? आता पोरीचा लगीन ठरला, तं सांगते. टोपली तुमचे मालकांनीच घेऊन दिली. म्हणले, बाय सांगेल तवा खुशाल उचल, पन मासळीच्या टोपलीत न्हाय घालाचे. चामड्याला वास लागला, तं दर रविवारी तुझे घरी पालीस कराला बसनार कोन?"