आपलं माणूस येईपर्यंत

पुनमची परीक्षा चहा निवायच्या आत उरकली होती. मोहिनीची मात्र संपता संपत नव्हती.

जळगावच्या त्या दवाखान्यात दोघी रुग्णालय व्यवस्थापनाच्या इंटर्न. आज कामाची प्रत्यक्ष परीक्षा होती, आणि जी सरस ठरेल तिला इथेच नोकरी. मोहिनीला ती हवीच होती. सावद्याला केळीच्या बागेत राबणाऱ्या आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, भाऊबंदांचे टोमणे गिळून तिला शिकवलं होतं. निकाल ऐकायला ते आज मोटारसायकलवर येणार होते.

धुळ्याहून आलेले परीक्षक बाविस्कर सर भल्याभल्यांना पाणी पाजतात, अशी ख्याती. पण पहिलाच प्रश्न चालू असताना कोणीतरी त्यांना बाहेर बोलावलं, आणि परत आले ते मऊ होऊनच. त्यांनी दार लोटून घेतलं. मोबाईल त्यांच्यामागून आत आलेल्या पुनमकडे देऊन टाक म्हणाले. पुनमने तो घेताना वर पाहिलं नाही. तिचे डोळे लाल होते. नापास झाली असावी बिचारी, असं मोहिनीला वाटलं. खोटं कशाला बोला, मनातून थोडं बरंही वाटलं.

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. खाटांचं नियोजन, औषधांचा साठा, विम्याचे कागद, आग लागली तर काय. मोहिनी धडाधड उत्तरं देत होती. सर मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. त्यांची नजर दाराच्या काचेवर होती. बाहेरची नेहमीची गजबजही एकाएकी थंडावली होती.

दवाखान्यातल्या आया इंदिराबाई मावशी कोणी न सांगता पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. मोहिनीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "पानी पी ले, माय."

तिच्या अंगावर उगाच काटा आला. परीक्षेची धास्ती, दुसरं काय.

प्रश्न संपले. सर मात्र उठायचं नाव घेईनात. शेवटी तिलाच राहवेना.

"सर, अजून काही?"

सरांनी पुन्हा काचेकडे पाहिलं. "पेशंट गेला," ते हळू म्हणाले, "तर घरच्यांना कसं सांगशील?"

यात तर तिचा हातखंडा होता. "फोनवर सांगायचं नाही, सर. त्यांचा फोनही हाताशी राहू द्यायचा नाही, दुसरीकडून कळायला नको. बंद खोलीत बसवायचं, पाणी द्यायचं. आणि पुस्तकात नाही, पण आमच्याकडे रीत आहे. आपलं माणूस येईपर्यंत बातमी फोडत नाहीत. तोवर कशात तरी गुंतवून ठेवायचं."

"आणि माणूस आलं की?"

"मध्ये टेबल ठेवायचं नाही. शेजारी बसून सरळ सांगायचं."

"पास झालीस," सर म्हणाले.

मोहिनीला आनंद मावेना. आबांना कधी सांगते असं तिला झालं. तेवढ्यात काचेपलीकडे भटूकाका दिसले, आबांचे धाकटे भाऊ. पाय चिखलाचे, टोपी हातात. आज तर त्यांच्याकडे केळीची गाडी भरायची होती. आबांसोबत आले असतील म्हणून तिने मान उंचावून त्यांच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

सर उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे आणली आणि ते तिच्या शेजारी बसले.