खिडक्यांचा मोसम

"पावसाळ्यात तर नावच काढू नका, मामा," खिडकीच्या चौकटीला टेप लावत प्रीतम म्हणाला. "भिंत ओली असती. चौकट उपटली की कडा ढासळत्यात, अन्‌ नवीन बसवली तरी फटीतून पाणी झिरपतं."

प्रीतमचं गंगाखेडला सरकत्या खिडक्या बनवायचं दुकान होतं. त्याला बोलावलं होतं व्यंकटीने. राणीसावरगावच्या अलीकडच्या वस्तीवर व्यंकटीचं घर, आणि घराला चार खिडक्या. घर बांधताना घाईत पत्र्याची दारं ठोकून वेळ मारून नेली होती. बारा वर्षांत चौकटींना वाळवी लागली. एक दार तर तारेने बांधलेलं होतं. ते उघडायचं म्हणजे व्यंकटीच्या बायकोने, कडूबाईने, बोट कापून घ्यायचं, असं ठरूनच गेलेलं.

"मग उन्हाळ्यात बसव," व्यंकटी म्हणाला. "तवा आमी घरी असतो."

"उन्हाळ्यात बांधकामाला पाणी मारायचं कुठून? चैतात तुमच्या वस्तीवर प्यायला मिळत न्हाई. वावटळीची माती घरात भरंल ती येगळीच. खिडक्या बदलायला हिवाळ्यासारखा मोसम न्हाई, मामा. हवा कोरडी, ऊन नरम. दोन दिवस भिंतीला भगदाड ऱ्हायलं तरी कुणाचं अडत न्हाई."

चुलीवरचा चहा उतरवता उतरवता कडूबाई थांबली. दसरा झाला की दोघं नवरा-बायको ऊसतोडीला निघत, ते पाडव्याच्या तोंडावर परत येत. कधी कोल्हापूरकडे, कधी पार कर्नाटकात. लग्न झाल्यापासून एकही साल चुकलं नव्हतं. आता लेक ज्ञानेश्वरी झरीला सासरी सुखात होती, आदिनाथ परभणीत कामाला लागला होता, चार पोती पिकवणारं रान होतं. दोन घास घरात बसून खावेत असे दिवस आले होते. पण दसरा जवळ आला की व्यंकटीचे हात कोयत्यासाठी शिवशिवायचे.

यंदाचा हिवाळा आपल्या घरात काढू, असं तिने पोळ्याच्या दिवशी बोलून पाहिलं होतं. "घरी बसून काय माशा मारायच्यात?" म्हणून त्याने विषय उडवून लावला. आज संध्याकाळी मुकादम बन्सीधर होकार घ्यायला येणार होता. आणि एकदा व्यंकटीच्या तोंडून 'हो' गेलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ते फिरत नसे.

"हिवाळा तर हिवाळा," व्यंकटी म्हणाला. "किल्ली शेजारच्या सुमनबाईकडं ठिवून जातो. तू ये अन्‌ बसवून जा."

कडूबाईने चहाच्या कपबश्या जरा आदळूनच ठेवल्या. म्हणजे नव्या खिडक्यांचं कौतुकसुद्धा शेजारणीनेच करायचं! तिला रडू यायचं ते रागच आला.

प्रीतमने खिशातून वही काढली. "आता एकेक बाजू सांगा. उन्हाची झळ कुठून येती?"

"मावळतीकडून," दोघं एका दमात बोलले.

"पावसाची झड?"

"हितून, चुलीच्या बाजूनं," कडूबाईचा राग क्षणभर बाजूला राहिला. "औंदा आखाडात पिठाचा डबा भिजला की. मी तिथं पोतंच लावते."

"अन्‌ थंडी? हिवाळ्यात वारं कोणत्या खिडकीतून आत शिरतं? तिथं जाड काच टाकतो, पक्कं रबर बसवतो."

"उगवतीकडून," व्यंकटी म्हणाला.

"कायबी सांगताव! उत्तरंकडून येत असंल."

"तुला काय म्हाईत?"

"तुमाला तरी काय म्हाईत?"

प्रीतम खो-खो हसला. "बारा वर्सं झाली की मामा घराला! अन्‌ थंडी कुठून येती ते म्हाईत न्हाई?"

व्यंकटीने हातातली कपबशी खाली ठेवली. थंडी त्याला ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? उसाच्या पाचटाच्या कोपीत ती बुडातून यायची. कॅनॉलच्या कडेला मुक्काम पडला की पाण्यावरून यायची. पंचवीस सालांतल्या पंचवीस मुक्कामांची थंडी तो बोटांवर मोजून सांगू शकला असता.

तो उठला. चारही खिडक्यांपाशी जाऊन आला. मग बाहेर पडून घराला सावकाश एक फेरी मारली, विकत घ्यायला आलेला माणूस परकं घर बघतो तशी. दारातून ते बघताना कडूबाईचा राग कुठल्या कुठे गेला. तिला त्याची माया आली. ह्याच भिंतींसाठी ह्या माणसाने उसाच्या मोळ्याच्या मोळ्या उचलल्या होत्या.

"सुमनबाईला हाक मारू का?" ती हळूच म्हणाली. "ती बाराही म्हैने हितंच असती. तिला ठावं असंल."

"नगं," व्यंकटी उंबऱ्यात येऊन म्हणाला. "आपल्या घराचं लोकाला काय इचारायचं?"

त्याने निवलेला चहा एका घोटात संपवला, बशी पालथी घातली आणि प्रीतमकडे वळला.

"तू असं कर, संक्रांत झाल्यावर ये. तवर आमी घरी बसून बघून ठिवतो, थंडी कुठून येती ते."