हिरा-पवळ्याची नोंद

‘हिरा-पवळ्या आधीच आत आहेत,’ अशी एरर दाखवून प्रोग्राम तिसऱ्यांदा बंद पडला. खुशीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. हिरा आणि पवळ्या वजनकाट्यावर उभे होते. कापसाच्या गाडीला जुंपलेले, आणि निवांत रवंथ करत.

राळेगावजवळच्या त्या जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, हा प्रोग्राम खुशीनंच लिहून दिला होता. भरलेली गाडी आत गेली, की रिकामी होऊन बाहेर पडेपर्यंत तिची दुसरी नोंद घ्यायची नाही, हा नियमही तिचाच. ट्रॅक्टरला नंबर असतो, टेम्पोला असतो. बैलगाडीला कुठून आणायचा? काट्यावर वीस वर्षं काढलेल्या विमलताई त्या रकान्यात बैलांची नावं टाकू लागल्या, आणि ते बिनबोभाट चाललं. आज मात्र प्रोग्रामनं मान टाकली. मागं ट्रॅक्टरांचे हॉर्न सुरू झाले. जिनिंगचे मालक दारात येऊन सांगून गेले, "चार वाजेपर्यंत पाहतो. नाहीतर आपलं जुनं रजिस्टर बरं." खुशीची ही पहिलीच नोकरी. लोहारा गावातल्या कंपनीच्या ऑफिसात तिला ठेवायचं की नाही, हे याच कामावर ठरणार होतं.

तिनं कोडची ओळ न् ओळ तपासली. वायर काढून पुन्हा लावली. शेवटी संशय विमलताईंवर आला.

"ताई, सकाळी हेच नाव चुकून टाकलं का हो?"

"सकाळी आलती ना जोडी! मी काय झोपेत लिवतो?" विमलताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुह्या मशीनले बैल ओळखू येत नाई, त्याले मी काय करू?"

मग खुशी उठून आवारात गेली. महिनाभरात पहिल्यांदाच. कापूस उतरवायच्या रांगेत एक भरलेली बैलगाडी जू टेकवून उभी होती. बैलांचा पत्ता नव्हता. कापसावर भावसिंग नावाचे म्हातारे बसले होते.

"बाबा, तुमचे बैल कुठं गेले?"

त्यांनी हनुवटीनं काट्याकडे दाखवलं.

काट्यावरची गाडी त्यांच्या धाकट्या भावाची, नेमसिंगची. तीन वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, तेव्हा हिरा एकाला गेला, पवळ्या दुसऱ्याला. एका बैलानं गाडी चालत नाही, म्हणून जोडी आळीपाळीनं वापरायची. एकानं तांड्यातल्या कडुलिंबाला बांधून जायचं, दुसऱ्यानं सोडून न्यायची. बोलायचं मात्र नाही. आज रांग लांबली, तशी भावसिंगांनी गाडी इथंच ठेवून जोडी कडुलिंबाला नेऊन बांधली, आणि ती गाडी रिकामी व्हायच्या आतच तीच जोडी नेमसिंगची गाडी घेऊन हजर झाली.

"अबोला आमचा हाये पोरी," भावसिंग म्हणाले. "बैलायचा नाई."

खुशीला हसावं की रडावं कळेना. इतका वेळ ती ज्याला चूक म्हणत होती, ते खरं होतं. "बाबा, मशीनला एका जोडीची एकच गाडी समजते," ती म्हणाली. दुसऱ्या नोंदीत नावापुढं ‘दोन’ लिहिलं की काम भागणार होतं. ते सांगायला तिनं तोंड उघडलं, तोवर भावसिंग खाली उतरले होते.

ते काट्यापर्यंत गेले. पवळ्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. नेमसिंगनं मान फिरवली.

"नेम्या, उन्हात कायले उभा हायेस? मशीन म्हणते तसंच लिवू दे. जोडी एक, नोंद एक. मालक आपुन दोघं."

मागचे हॉर्न थांबले. मग नेमसिंगनं गमछ्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं.

"पहिलं नाव तुहं, भिया," तो भावाला म्हणाला.

विमलताईंनी दोन्ही वजनं एका नोंदीत घातली. मालकाच्या रकान्यात दोन्ही नावं टाकली, आधी थोरल्याचं. प्रोग्राम पुन्हा बंद पडला. ‘मालकाचं नाव एकच लिहा.’

"घ्या! आता काहून?" विमलताईंनी कपाळाला हात लावला.

"आता खरंच माझी चूक आहे, ताई," खुशी म्हणाली, आणि चार वाजायच्या आत तिनं तो रकाना दोन भाऊ मावतील एवढा केला.