उभं राहायला जागा

काचवाल्याने पहिली काच दोन्ही तळव्यांवर पेलत शोकेसजवळ आणली, तेवढ्यात पलंगावर बसलेली म्हातारी म्हणाली, "नको लावू रे ती. तिला उभं राहायला जागा नको का?"

काचवाला थबकला. त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डोळ्यांनीच सांगितलं, लावा तुम्ही. आईचं वय झालं होतं.

हे शोकेस भाड्याच्या घराबरोबरच आलं होतं. आईच्या खोलीत, भिंतीत बसवलेलं, माणसापेक्षा वीतभर उंच. पुढे काचेची दोन दारं आणि आत नुसती पोकळी. या घरात आल्यापासून आई त्याच्याकडे तोंड करून बसायची. जेवण दोन घासांवर आलं होतं, बोलणं त्याहून कमी. तिच्या वस्तूंचं खोकं कोपऱ्यात बांधलेलं तसंच पडून होतं. आपल्या वस्तू डोळ्यांसमोर लागल्या की घर आपलं वाटेल तिला, असं मास्तरांच्या मनाने घेतलं. तीन फळ्यांसाठी भारीतली काच परवडणारी नव्हती. काचवाल्याने साधीच कापून, कडा घासून आणली होती.

"कपबशा ठेवा, इस्त्री ठेवू नका," तो म्हणाला, "म्हणजे नातवंडांनाही पुरेल." मग आत डोकं घालून भोकं पाडता पाडता पुन्हा म्हणाला, "नवलच आहे मास्तर. याला कधी फळ्या नव्हत्याच. एकाही क्लिपेची खूण नाही. दारं काचेची करायची आणि आत काही ठेवायचं नाही, हे कसलं शोकेस?"

मास्तर वाकून पाहू लागले. तळाचं पॉलिश दोन जागी उडालं होतं. शेजारी शेजारी, लांबट. तिथलं लाकूड उंबऱ्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

"कुंड्या ठेवत असतील," मास्तर म्हणाले. कुंडीचा डाग गोल पडतो, हे त्यांच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं.

त्यानंतर काचवाल्याचा हात भराभर चालू लागला. क्लिपा ठोकल्या, तिन्ही काचा सरकवल्या, बोटाने दाबून पाहिल्या. चहा घ्या म्हटलं तर घाम पुसत म्हणाला, "नको, आत फार गार आहे हो," आणि पिशवी उचलून चालता झाला.

मास्तरांनी खोकं सोडलं. निळ्या काठाचे कप, काचेचा हंस, वडिलांचं टेबलावरचं घड्याळ. एकेक वस्तू पुसून त्यांनी मांडली. दुपारचं ऊन काचांवर पडलं आणि शोकेस असं उजळलं, की त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बघ गं आई. कसं दिसतंय?"

आई शोकेसकडे बघतच नव्हती. तिची नजर शोकेसच्या बाजूला, खिडकीपाशी होती. तिथून ती हळूहळू सरकत दारापाशी गेली, थोडी थांबली, पुन्हा खिडकीपाशी आली. घरात नवा पाहुणा आला आणि त्याला कुठे बसावं कळेना, की त्याच्याकडे आपण जसं बघतो, तसं.

"काय केलंस रे हे," ती म्हणाली. "उघड्यावर आणलीस तिला."

"कुणाला आई?"

"नाव कुठे माहीत आहे. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तू शाळेत जातोस, मग दिवसभर समोर उभी असते. तेवढीच सोबत."

मास्तरांना हसून घालवावंसं वाटलं, पण हसू ओठांपर्यंत आलंच नाही. आईने पाय पोटाशी घेतले. हाताने पायथ्याची चादर सारखी केली आणि त्यावर दोनदा थोपटलं.

"ये," ती खिडकीकडे बघून म्हणाली. "अवघडू नकोस. ये."

खोलीत काही हललं नाही. पडदासुद्धा नाही. फक्त आईच्या पायाशी गादी हळूच दबली. चादरीला सुरकुत्या पडल्या आणि त्या सगळ्या एका जागी ओढल्या गेल्या.

आईला तिथून उचलावं, ओरडावं, पळावं, यातलं काहीच मास्तरांच्या हातून झालं नाही. ते वळले ते सरळ शोकेसकडे. कप काढून जमिनीवर ठेवले, हंस ठेवला, घड्याळ ठेवलं. वरची काच ओढताना घासलेल्या कडेनेही अंगठा कापला. त्यांना कळलंसुद्धा नाही. तिन्ही काचा भिंतीला टेकवून त्यांनी दोन्ही दारं सताड उघडली आणि बाजूला झाले.

"बाई," पलंगाकडे न बघता ते म्हणाले, "जागा मोकळी केली. चुकलं आमचं. या."

कुणी आलं नाही. मागून आईच्या हसण्याचा आवाज आला. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती हसत होती.

"राहू दे रे आता," ती म्हणाली. "किती वर्षांची उभी होती बिचारी. आत्ता कुठे टेकलीय."